घंटाभराचा पाऊस

तीळ-खोबरं घातलेली केळ्याची भजी कढईत पडली, की मला थायलंडचा पाऊस आठवतो आणि आमच्या बुधवारा पेठेतल्या त्या ट्रॅव्हलवाल्याचा रागही येतो. "सेठ, थंडीत जाल तर सगळं महाग. आत्ता जा, पाऊस काय, दुपारी घंटाभर पडतो, बस्स," असं तो म्हणाला होता. दापोऱ्याच्या केळीचे सौदे करत वर आलेला माणूस मी. त्याने सांगितलेला भावही आणखी पाडूनच निघालो. तिथे मात्र पाऊस थांबायचं नाव घेईना. होड्या बंद. बायकोने जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि मी तो तिला खोलीच्या खिडकीतून दाखवत होतो. मी ट्रॅव्हलवाल्याला शिव्या घालत असतानाच ती चपला हातात घेऊन किनाऱ्यावर पळाली आणि ओरडली, "अहो, या ना! सगळा समुद्र आपलाच आहे!" खरंच, दुसरं कुणी नव्हतंच. घोटाभर पाण्यात आम्ही पोरांसारखे नाचलो, मग ताडपत्रीखाली बसलेल्या एका बाईकडची हीच भजी ओल्या हातांनी खाल्ली. तरी परतल्यावर भांडायचंच म्हणून मी तणतणत दुकानात शिरलो, तर माझ्याआधी हीच बोलली, "भाऊ, काय झकास पाऊस होता! पुढच्या वेळीही हाच सीझन द्या." यंदा भाव पाडायला गेलो, तर तो हसून म्हणतो, "कमी कसे करू सेठ? वहिनीच म्हणाल्या, हाच खरा सीझन." रागाने लाल होऊन मी घरी आलो, दोन तिकिटं खिशात घेऊन.