त्यांचं नाव

‘अहो, ड्रम सरकवा!’ दुष्काळात मुकुंदवाडीत टँकर आला की मी रोज अशीच ओरडायचे. हे गेले, तरी मी त्यांना ‘हे’च म्हणते.

काल सून मला इंग्रजी शिकवत होती. मी लिहिलं, ‘ही वॉज अ गुड मॅन.’

‘आई, ‘ही’ म्हणजे कोण? आधी नाव लिहा.’

‘नवऱ्याचं नाव घेत नाय बाई.’

‘उखाण्यात तर घेतलं असंल की!’

दोघी हसलो. मग आठवलं, त्यांना नावानं फक्त सासूबाई हाक मारायच्या. त्या गेल्यापासून ते नाव घरात कुणी घेतलंच नाही. धाकट्या नातीला तर ते ठाऊकही नाही.

गेलेल्या माणसाचं नाव तुमच्याकडं कोण घेतं?

आज सकाळी मी नातीला जवळ बसवून सांगितलं, तुझ्या आजोबांचं नाव साहेबराव.