हनुवटीवरचे दाणे

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ होता. तिथं कॉम्प्युटरवर बसणारा माणूस गरजेपुरतंच बोलायचा. लोक ओळखपत्रावरचा बोटभर फोटो आणत आणि भिंतीवर लावायला मोठा करून मागत. मोठा केला की चेहऱ्यावर वाळू सांडल्यासारखे दाणे उठत. कॉम्प्युटर ते क्षणात पुसायचा. पण हा माणूस आधी खुर्ची वळवून विचारायचा, "गोंदण कोठे व्हतं?" एकदा दाण्यांबरोबर कुणाच्या तरी आजीचं गोंदणही त्याच्या हातून पुसलं गेलं होतं, आणि घरच्यांना तो चेहरा परका वाटला होता.

आई गेल्यावर आठवड्याने मी तिचा फोटो घेऊन गेलो. त्याने तेच विचारलं. हनुवटीवर ठिपके होते एवढं आठवलं. एक होता की तीन, ते काही केल्या आठवेना. मी फोटोतल्या हनुवटीवर नुसतं बोट ठेवलं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मंग तेवढं ऱ्हाऊ दिऊत."

भिंतीवरची आई आता नितळ दिसते, फक्त हनुवटीवर दाणे आहेत. पाहुणे म्हणतात, फोटोवाल्याने काम अर्धवट केलं. मी हो म्हणतो.