पश्चिमेच्या खिडक्या

आईला दमा होता आणि आम्ही भिवंडीत कामतघरच्या चाळीत राहत होतो, दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. कापसाचे तंतू ताटातल्या भातावरसुद्धा येऊन बसत. आई रात्र भिंतीला टेकून बसून काढायची. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली, तेव्हा वडिलांनी खाडीकाठच्या वडिलोपार्जित तुकड्यावर घर बांधायचं मनावर घेतलं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं.

कचेरीत कारकुनी करणाऱ्या या माणसाने नकाशाही स्वतःच काढला. इंजिनिअरला फक्त स्लॅब टाकता येतो, असं त्यांचं ठाम मत. एका दुपारी त्यांनी आईला मोकळ्या जागेवर उभं केलं, पदर सोडायला सांगितला आणि तो कुठे उडतो ते बघून समोरासमोरच्या खिडक्या ठरवल्या. उधाणाचं पाणी शिरू नये म्हणून जोतं कमरेइतकं उंच. वर कौलं. भेंडाचं झाड त्यांनी तोडू दिलं नाही. पडवीच त्याला वळसा घालून गेली. पहिल्या उन्हाळ्यात आई आडवी होऊन झोपली. मला इतकं बरं वाटलं की चहा निवला तरी मी तिला उठवलं नाही.

मग मामा आला. तो शेतकरी माणूस, पण त्याच्याही शेतात आता लूम होते. घर आणि खाडी यांच्यामधली पश्चिमेची जागा बघून म्हणाला, "दाजी, एवढी जागा मोकली ठेवून काय करनार? समद्यांनी गाले बांधले हायेत."

वडिलांना ते लगेच पटलं. भिवंडीच्या माणसाला मोकळी जागा बघवत नाही. त्यांनी तिथे लूमसाठी गाळा बांधून भाड्याने दिला. वारा अडू नये म्हणून छप्पर मुद्दाम बुटकं ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवलं.

वारा अडला नाहीच. गाळ्यावरून येताना तो तंतू घेऊन घरात शिरायचा. दिवाळीपर्यंत आई पुन्हा भिंतीला टेकून बसू लागली. गाळा बंद करा, असं मी म्हटलं, तर वडील म्हणाले, शब्द दिलाय. मला त्यांचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

एका संध्याकाळी ते पश्चिमेच्या खिडक्यांना पत्रे ठोकत होते. आई थांबत थांबत म्हणाली, "अहो, राहू द्या. मला कामतघरला परत न्या. तिथे निदान धूळ दुसऱ्यांची होती."