टॉवेलाखालचं तिकीट

लॉटरी लागणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे काही झालं त्यात माझी एवढी एक गोष्ट कुणी म्हणजे कुणी ऐकून घेतली नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. मी कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होतो आणि सांगलीत खोली घेऊन राहत होतो. पगार झाला की एसटी स्टँडाबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या तिकीटवाल्याकडून रुपयाचं एक तिकीट घ्यायचं, हा माझा शिरस्ता. सिनेमा तीन तासांत संपतो. हे तिकीट सोडत निघेपर्यंत चालायचं. तोवर मी मनातल्या मनात कृष्णाकाठी बंगला बांधायचो आणि फोरमनला राजीनामा द्यायचो, तोही त्याच्याच खुर्चीत बसून. सोडत निघाली की बंगला पाडायचा, पुढच्या पगाराला नवा पाया. एकदा तर जिना मनासारखा जमेना म्हणून सोडतीची वाट न बघताच मी आख्खा बंगला पाडला होता. एवढी साधी, निरुपद्रवी करमणूक. पण आपल्याकडं माणसानं गंमत म्हणून काही करावं हे लोकांना झेपत नाही.

त्याच सुमाराला माझ्यासाठी कडेगावची एक मुलगी सांगून आली. वडील लष्करातून सुभेदार होऊन परतलेले, थोडा ऊस, दारात बैलजोडी. माझे वडील लवकर गेल्यामुळं आमच्या घरी शब्द चालायचा मामाचा. मामा उंब्रजचा, बैलांच्या व्यापारातला दलाल. नवा माणूस समोर आला की तो आधी त्याचे पाय बघायचा, मग तोंड. आम्ही मुलगी बघायला गेलो आणि मी नव्या टेरिलीनच्या विजारीवर बशीभर चहा सांडून घेतला. सगळी वडीलधारी माणसं शिष्टाचार म्हणून आढ्याकडं बघत बसली. मुलगी मात्र हसली. तोंडाला पदर न लावता, चांगली खळखळून हसली. मला तीच बायको हवी, हे मी त्या ओल्या विजारीतच ठरवून टाकलं.

परत येताना मामा म्हणाला, "पोरगी पसंत हाय न्हवं? मग ऐक. सुभेदार आता सांगलीला चौकशीला येनार. मानूस कडक हाय. चार ठिकानी सांगून ठेव."

चौकशी ही तेव्हाची रीतच होती. मुलीचा बाप कुणालाही न सांगता मुलाच्या गावी यायचा. पानपट्टीवर, न्हाव्याकडं, खानावळीत बसून सहज विचारल्यासारखं विचारायचा, पोरगा कसा हाय, काय नाद-बिद? आणि मुलाकडचे लोक आधीच जाऊन या सगळ्यांना पढवून ठेवायचे. दोन्ही बाजूंना हे माहीत असायचं, तरी दोन्ही बाजू मन लावून करायच्या.

मीही केलं. खानावळवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, खोलीच्या मालकिणीला तिच्या परसातलं लाकूड फोडून देऊन सांगितलं. तिथं थांबलो असतो तर शहाणा म्हणवला असतो. पण दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना वाटलं, एसटीतनं उतरलेला माणूस पहिल्यांदा पत्ता कुणाला विचारणार? स्टँडावरच्या तिकीटवाल्याला! मी सायकल वळवली.

"गड्या," म्हटलं, "कुणी माझ्याबद्दल विचारलं तर चार शब्द बरे सांग. लग्नाचं हाय."

तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "काळजीच सोड!"

आठवड्याभरानं त्यानं मला लांबूनच हाका मारायला सुरुवात केली. "आलता की तुझा सासरा! मिशीवाला. लय चांगलं सांगितलं बघ."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, असं गिऱ्हाईक आख्ख्या स्टँडावर न्हाई. ऊन असू दे, पाऊस असू दे, पगार झाला की पयला माझ्याकडं येतो. मग खानावळीत जातो."

मी सायकलवरून उतरलो. "आणि?"

"आणि काय, म्हटलं, कवा बी हरला तरी तोंड वाकडं करत न्हाई. दिलदार गडी! पोरगी डोळं झाकून द्या म्हटलं."

त्याच्या दृष्टीनं त्यानं मला देवाच्या शेजारी बसवलं होतं. त्याच्यावर रागावणार तरी कसा? मी त्याला चहा पाजला. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या सत्यानाशाबद्दल.

कडेगावहून निरोप आला तो मामाकडं. पोरगा जुगारी हाय, आमाला न्हाई जमायचं. मामा उंब्रजहून थेट माझ्या खोलीवर आला आणि चपला न काढता मला झाडायला लागला.

"आवं मामा, ती नुसती गंमत हाय," मी म्हणालो. "लागनार न्हाई हे मला म्हाईत हाय."

"लागनार न्हाई म्हाईत हाय, तर घेतोस कशाला?"

"गंमत म्हणून."

"म्हंजे लागायच्या आशेनं घेतलं तर निदान जुगारी तरी. ह्ये तर त्याच्या म्होरं गेलं!"

पण मामा दलाल होता. मोडलेला सौदा जोडण्यातच त्याची हयात गेली होती. तो कडेगावला गेला आणि सुभेदारांना एकच वाक्य बोलला. "सुभेदारसायेब, ह्यो जुगार न्हाई. ह्यो सरकारी हाय."

सरकार म्हटल्यावर सुभेदार नरमले. ज्यावर सरकारचा शिक्का आहे ते वाईट कसं असेल, असा त्यांचा नोकरीतला अनुभव. त्यांनी कळवलं, सुपारी फोडायला या, आणि येताना ते तिकीट घेऊन या, शिक्का डोळ्यांनी बघू.

तर अशा रीतीनं मी स्वतःच्या सुपारीला खिशात लॉटरीचं तिकीट घेऊन गेलो.

बैठक भरली. मधे पानाचं तबक, त्यात सुपारी. ती फुटली की लग्न पक्कं. सुभेदारांनी चष्मा लावला, तिकीट उजेडाला धरलं, शिक्का बघितला, सही बघितली, मागचा बारीक मजकूर ओठ हलवत वाचला.  स्वयंपाकघराच्या दारात मुलगीही उभी होती.

"शिक्का हाय," सुभेदार म्हणाले. सगळे सैलावले. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं सुपारीकडं हात नेला. तेवढ्यात सुभेदारांनी सहज विचारलं, "लागलं तर किती?"

मी आकडा सांगितला. कशाला सांगितला! म्हाताऱ्याचा हात हवेतच राहिला.

"आणि लग्नाच्या आत लागलं, तर ते कुनाचं?" सुभेदारांनी विचारलं.

"पोराचं," मामा म्हणाला. "त्याच्या पगारातलं हाय."

"पन सोडतीच्या आत सुपारी फुटतीया. म्हंजे पोरगी त्याची झाली. मग निम्मं पोरीचं."

"आवं, ते लागनारच न्हाई!" मी म्हणालो.

"तू गप रं," मामा म्हणाला. "शुभ बोल."

मुलीची आत्या आतून ओरडली, "तिच्या नावावर टाका! पुरुषाच्या हातात पैका ठरत न्हाई!" दुसऱ्यानं ट्रॅक्टरचा विषय काढला. तिसरा म्हणाला, ट्रॅक्टर घेतला तर तो कडेगावात ठेवायचा, उंब्रजला रस्त्यावर रहदारी फार. घटकाभरापूर्वी मला जुगारी म्हणणारी माणसं माझ्या ट्रॅक्टरला गोठा शोधत होती.

मग मामानं ते केलं जे तो जन्मभर करत आला होता. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं पुढं पसरला आणि सुभेदारांपुढं हात केला. बैलाचा सौदा असाच होतो. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, बोटांनी भाव सांगायचा, म्हणजे भोवतालच्यांना आकडा कळत नाही. सुभेदारांनीही बैल घेतलेले होते. त्यांनी निमूट हात टॉवेलाखाली घातला.

"ह्ये?" मामा म्हणाला.

"न्हाई."

"बरं, मग ह्ये?"

"छ्या! एवढं तर पायजेच."

टॉवेल वळवळत होता. लग्न माझं, रुपया माझा, तिकीट माझं. आणि बक्षिसाच्या रुपयातले मला किती आणे उरले हे उभ्या पृथ्वीतलावर त्या दोघांनाच ठाऊक, तेही माझ्याकडं न बघता. एकदा मामाचा चेहरा पडला, तेव्हा मला वाटलं माझा बंगला गेला. मग सुभेदार ताडकन हात काढून म्हणाले, "एका आन्यावरनं अडत असशीला, तर ऱ्हाऊ द्या सोयरीक!"

"ऱ्हाऊ द्या!" मामा टॉवेल झटकत उठला.

तबकातली सुपारी अख्खीच होती. स्वयंपाकघराच्या दारातलं माणूस दिसेनासं झालं. न लागणाऱ्या लॉटरीच्या एका आण्यावरून माझी बायको जात होती. माझं डोकं फिरलं. मी पुढं झालो, सुभेदारांच्या मांडीवरचं तिकीट उचललं आणि टराटरा फाडलं. आधी उभं, मग आडवं, मग हाताला येईल तसं.

मला वाटलं होतं, लोक सुटकेचा निःश्वास टाकतील.

"आरं ए भाड्या!" मामा किंचाळला. "लक्ष्मी फाडलीस!"

"आमच्या पोरीचा हिस्सा फाडला!" सुभेदार म्हणाले.

"बगा की आता!" मामा म्हणाला.

"बगतोय की!" सुभेदार म्हणाले. "तुमच्या घरात ह्यो असाच हाय काय पहिल्यापासनं?"

"न्हानपनापासनं! काय सांगू तुमाला सायेब, एकदा ह्येनं..."

आणि ते दोघे पुन्हा शेजारीशेजारी बसले. घटकाभर मामानं माझी कुंडली मांडली, सुभेदारांनी मान डोलवली, आत्या गुडघ्यावर बसून कागदाचे कपटे वेचत राहिली. शेवटी सुभेदारांनी चष्मा काढला आणि ते माझ्याकडं वळले.

"मला भ्या व्हतं, पोरगं पैशाला हपापलेलं हाय," ते म्हणाले. "तसं न्हाई. नुसतं येडं हाय. येडं चालंल." आणि सुपारी त्यांनी स्वतःच फोडली.

इथं खरं तर सगळं गोड व्हायला हवं होतं. पण सोडत निघाली. पहिलं बक्षीस कुणा अनोळखी माणसाला लागलं असणार, पण सुभेदारांनी कडेगावच्या चावडीवर पेपरातला आकडा मोठ्यानं वाचला आणि जाहीर केलं, "ह्योच व्हता! मी चष्मा लावून बघितलाय." मी खोडून काढणार कसा? तिकिटाचा नंबर मी कधी वाचतच नसे. निकाल तिकीटवालाच बघून सांगायचा. आत्यानं वेचलेल्या कपट्यांवरचे आकडे सुपारीनंतरच्या चहात भिजून गेले होते.

तेव्हापासून दोन्ही घरांत एका गोष्टीवर एकमत आहे. गावात कुणाचं शेत विकायला निघालं आणि आम्हाला घेता आलं नाही, की सगळे माझ्याकडं बघतात. शेजाऱ्यांनी गाडी घेतली, की सगळे माझ्याकडं बघतात. बायकोला मी अजूनही शांतपणे समजावतो.

"अगं, लाखांत एखादंच लागतं."

"व्हय की," ती म्हणते, आणि अजूनही पदर न लावता हसते. "त्येच तेवढं तुमी फाडलं."