मामांनी तपासलेलं आइसलँड

माझ्या मामांनी जन्मात एकाच गोष्टीवर संशय घेतला नाही, ती म्हणजे स्वतःचा संशय. राजापेठेत त्यांचं फळांचं दुकान. संत्रं ते दाबून, हुंगून आणि शेवटी विकणाऱ्याच्या डोळ्यांत रोखून बघून घेत. डॉक्टरांनी नाडी धरली की दुसरा हात आपोआप खिशावर जाई.

त्यांची एकुलती एक मुलगी, आमची शुभाताई, लग्न होऊन आइसलँडमधल्या एका समुद्रकाठच्या खेड्यात गेली. "बाबा, मी मजेत आहे," असं रोज फोनवर सांगे. मामा मला म्हणत, "मजेत असलेलं मानूस रोज सांगते काय? कायतरी लपवून राह्यली ते." शेवटी गेल्या उन्हाळ्यात ते स्वतःच तपासायला गेले.

तिथे झाड औषधाला नाही आणि किनाऱ्याची वाळू काळीभोर. मामांनी चिमूट हुंगली. "काहून जळली हे?" ज्वालामुखी हे उत्तर त्यांना पटलं नाही. सूर्य मावळेना, तेव्हा जावयाचं घड्याळ बिघडल्याचं त्यांनी जाहीर केलं. पांढरे समुद्रपक्षी डोक्यावर चोची मारायला आले, तर ते कोणीतरी पाळून सोडलेत असा त्यांना दाट संशय.

धक्क्यावर एक जुनं लाकडी गोदाम होतं. ते सांभाळणाऱ्या म्हातारीचं बोलणं ताई मराठीत सांगत होती. पूर्वी इथे डेन्मार्कच्या राजाचं राज्य होतं; तिथला व्यापारी जहाजातून पीठ आणी आणि सुकवलेले मासे नेई. राजाचा हुकूमच होता, त्याच्याशिवाय कोणाला मासा विकायचा नाही. पीठ किडकं निघालं तरी तेच खायचं.

मामांनी हे मात्र ताबडतोब खरं मानलं. "तराजू कोनाचा? त्याचाच ना? मंग लुटलं त्यानं गावाले!"

ताईने ते म्हातारीला तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारी खो खो हसली, ताईचा खांदा धरून काहीतरी बोलली. ताईनेही फटकन उत्तर दिलं आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. काय झालं हे मामांना कोणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मामा परत आल्यावर मी त्यांच्या दुकानात गेलो. मामा केळीचा घड टांगत होते.

"मग मामा, कशी आहे ताई?"

"मजेत हाय. खरंच बोलत होती ते."

घड टांगून झाला, तरी दोरी त्यांच्या हातातच होती.

"मले वाटे, खोटं बोलत असन," ते हळूच म्हणाले, "त वापस आनता येईन."