विहिरीमागची खोली

रिकाम्या घरातसुद्धा सिद्दीमामा सलाम केल्याशिवाय पाऊल टाकत नसत. रियाधच्या जुन्या वस्तीतलं एक मातीचं घर दुरुस्त करून आमची कंपनी त्याचं संग्रहालय करणार होती. सगळीकडे पडझड, धूळ, आणि हे गृहस्थ प्रत्येक दारात थांबून मोठ्याने सलाम घालताहेत! मी नाशिकहून नुकताच आलेला ड्राफ्ट्समन. मला हसू आवरेना. तर म्हणाले, "हसा साहेब. पन कुनाच्या घरात न विचारता शिरू नये."

मामा मुरूडचे, मातीच्या गिलाव्यातले उस्ताद. भुसा घातलेली माती पायांनी तुडवत आणि चिमूट नाकाशी धरून ती मुरली की नाही ते सांगत. पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले. रंग काळाकुळीत, केस कुरळे, बोलणं मात्र अस्सल रायगडचं. रियाधमधली पोरं त्यांना 'अब्द' म्हणून हाक मारत. अब्द म्हणजे गुलाम. मामा मान वळवून बघतही नसत. "मुरूडला हबशी म्हनायचे, हितं ह्ये," एवढंच बोलत. कॅम्पात मी आत टेबलावर जेवे आणि ते बाहेर कट्ट्यावर. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

घराचा रखवालदार सौदीच होता, मामांच्याच रंगाचा एक म्हातारा. विहिरीमागची ठेंगणी, बिनखिडकीची खोली दाखवून तो एकदा सहज म्हणाला, "माझी आई इथे बाळंत झाली." मालकांचे गुलाम त्या खोलीत राहत. गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तीस वर्षंही झाली नव्हती. मामा आत जाऊन बराच वेळ बसून राहिले. त्यानंतर त्या खोलीच्या भिंतींना त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मग माझ्यामागे लागले. "साहेब, नकाशावर बैठकीचं नाव लिवता, कॉफीच्या खोलीचं लिवता. हितं गुलाम मानसं ऱ्हायची, त्येबी लिवा की." मी हो हो म्हणून वेळ मारून नेली.

तेवढ्यात कुवेतवरून युद्ध पेटलं आणि शहरावर इराकची क्षेपणास्त्रं पडू लागली. कंपनीने गॅसमास्क वाटले, आधी गोऱ्यांना, मग आम्हा ऑफिसवाल्यांना. मजुरांपर्यंत ते पोचलेच नाहीत. एकदा साइटवर असताना भोंगा झाला. मास्क चढवून मी त्याच खोलीत शिरलो. शेजारी मामा, तोंडावर ओला पंचा धरून. मी मास्क एकदाही त्यांच्यापुढे केला नाही. उलट तेच माझी पाठ थोपटत होते, "आता खलास हुईल, साहेब. घाबरू नका."

मन खाऊ लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी मी नकाशावर इंग्रजीत लिहिलं, 'गुलामांची खोली'. मोठ्या साहेबांनी त्यावर लाल रेघ ओढली. "पाहुणे हे बघायला येणार आहेत का? कोठार लिही." माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्यांच्या हातात होता. मी कोठार लिहिलं.

युद्ध थांबलं तसं कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर मामांचा व्हिसा होता त्या सौदी मालकाने, मामांना कायमचं घरी धाडायचं ठरवलं. जाण्याच्या दिवशी ते नवा सदरा घालून ऑफिसात आले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. नकाशावर विहीर शोधली, तिच्यामागच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "काय लिवलंय?"

मी म्हणालो, "गुलामांची खोली."

मामांनी माझे दोन्ही हात धरले आणि ते लहान मुलासारखे रडले.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मुलीचं पत्र आलं. मामा गेले होते. तिने लिहिलं होतं, 'अब्बा शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचे, की आपल्या माणसांची खोली तिथे नकाशावर लिहिलेली आहे, एका नाशिकच्या साहेबांनी लिहिली. त्या नकाशाची एक प्रत पाठवाल का? घरात लावायची आहे.'

प्रत माझ्या कपाटात आहे. पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही.