मराठीतली चिठ्ठी

मला फॅसिलिटेटर केलं त्याचं कारण एवढंच होतं, की ऑफिसात माझं कोणाशी वाकडं नव्हतं. दहा वर्षं प्रोग्रॅम लिहिल्यावर एका सोमवारी साहेब म्हणाले, "तुमचं सगळ्यांशी पटतं. आता टीम तुम्ही सांभाळा." पटतं कसलं, मी तोंड बंद ठेवायचे. पण बढती दिसली की माणूस असे तपशील दुरुस्त करत बसत नाही. मी त्या संध्याकाळी घरी पेढे नेले.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली पत्रे कापायचा कारखाना, त्यामुळे दिवसभर पायाखालची फरशी थरथरायची. आम्ही परदेशातल्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. कोणत्या पेशंटला कोणतं औषध किती द्यायचं, ते त्यात दिसायचं. ॲजाइल हा कामाच्या नव्या पद्धतीचा शब्द तेव्हा नाशकात नुकताच पोचला होता. तो शिकवायला पुण्याहून एक कोच दोन दिवसांसाठी आला. त्याच्या पद्धतीप्रमाणे रोज सकाळी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय आहे. अडचण दूर करणं हे माझं काम. शिवाय दर दोन आठवड्यांनी रेट्रो नावाची बैठक व्हायची. काय चुकतंय ते तिथे नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं. "या खोलीतलं या खोलीतच राहील, हा शब्द तुम्ही द्यायचा," असं कोच मला म्हणाला. मी तो दर बैठकीला द्यायचे, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा, एका दमात.

टीममध्ये आठ जण होते. त्यातला टेस्टर, म्हणजे बाकीच्यांचं काम तपासणारा, मनमाडहून रोज अपडाउन करायचा. नाशिकरोडला उतरून सिटी बसने ऑफिसला पोचेपर्यंत तो घामाघूम झालेला असायचा. सकाळच्या गोलात त्याचं इंग्रजी अडखळायचं, मग तो "नो प्रॉब्लेम" म्हणून मोकळा व्हायचा. त्याने एकदा रजेचा अर्ज मराठीत दिला होता. तो अर्ज ऑफिसभर फिरला आणि सगळे हसले. मीही हसले, हे सांगूनच टाकते.

त्याला कायम करायचं की नाही, ते त्या महिनाअखेरीला ठरणार होतं. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, क्वार्टर सोडायचं होतं. कायम झालो की नाशिकरोडला खोली बघून आईवडिलांना घेऊन येतो, असं तो जेवणाच्या सुट्टीत सांगायचा. ऑफिसात मी त्याची मॅडम होते, डबा उघडला की ताई.

गप्प माणसाला बोलतं करणं हीच फॅसिलिटेटरची परीक्षा, असं कोचने बजावलं होतं. मी हात धुऊन त्याच्या मागे लागले.

"ताई, मला नाय जमत असं सगळ्यांपुढं," तो म्हणाला. "अन् इंग्लिशमधी तर नायच नाय."

"मग मराठीत लिही. मनातलं लिही. नाव थोडंच असतं त्यावर?"

"कोणी बघणार नाय ना?"

"माझी जबाबदारी," मी म्हणाले.

पुढच्या रेट्रोला आठ चिठ्ठ्या आल्या. सात इंग्रजीत, नेहमीच्याच, 'संवाद वाढवायला हवा' छापाच्या. आठवी मराठीत, ठसठशीत अक्षरात: 'औषधाच्या मात्रेची तपासणी झालेली नसताना झाली असं लिहायला लावतात. कोणाला काही झालं तर? मला भीती वाटते.' लिहायला लावणारे साहेबच होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र आनंद झाला होता. मी त्याला बोलतं केलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रेट्रोचे मुद्दे मागितले. ते टाइप करून देता आले असते, पाच मिनिटांचं काम. मी चिठ्ठ्या चिकटवलेला अख्खा कागदच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. माझी टीम किती मोकळेपणाने बोलते ते त्यांना दिसावं, म्हणजे खरं तर मी किती हुशार आहे ते दिसावं. सात चिठ्ठ्यांवरून त्यांनी नुसती नजर फिरवली. आठवीवर ते थांबले.

"ही कोणाची?"

"नावं नसतात, सर."

"बरं," असं म्हणून त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. पुन्हा विचारलं नाही. तेव्हा कुठे मला ऑफिसभर फिरलेला तो मराठीतला रजेचा अर्ज आठवला. कागद परत मागता आला असता. मी केबिनचं दार हळूच ओढून घेतलं आणि जागेवर येऊन बसले.

महिनाअखेरीला त्याला कायम केलं नाही. पत्रात कारण होतं, संवादकौशल्य कमी. मी साहेबांकडे जाऊन भांडायला हवं होतं. पण फॅसिलिटेटरला स्वतःचं मत नसतं, असंही कोचने शिकवलं होतं, आणि ते वाक्य त्या आठवड्यात मला फार उपयोगी पडलं. स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात दुसऱ्या कशानेही आलेली नाही. त्या दिवसापासून दुपारी तो डबा घेऊन जिन्यात बसायला लागला.

शेवटच्या दिवशीही तो नेहमीच्या गाडीने आला आणि गोलात आपल्या जागी उभा राहिला. त्या दिवशी साहेबही मागे येऊन थांबले होते. त्याची पाळी आली. तो मराठीत बोलला, आणि एकदाही अडखळला नाही.

"काल मात्रेची तपासणी पुरी केली. चुका सापडल्या, त्या लिहून ठेवल्यात. आज कार्ड अन् ड्रॉवरची चावी जमा करणार."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अडचण काय नाय, मॅडम."

माझ्या हातात मार्कर होता. फळ्यावर त्याच्या नावापुढे अडचणीचा रकाना होता. तो मी कोरा ठेवला आणि म्हणाले, "नेक्स्ट."